लाल शाईचा शिक्का आणि डेटाबेस: तांत्रिक नोंदी संगणकावर आणणाऱ्या एका सेवेचे परीक्षण

भुसावळ परिसरातल्या ज्या छोट्या कारखान्याचे दप्तर मी गेली ३१ वर्षे सांभाळतो आहे, तिथे संरक्षण पुरवठ्यासाठी पत्र्याचे व धातूचे सुटे भाग तयार होतात. भाग लेथवर आणि प्रेसवर घडतो हे खरे, पण तो स्वीकारला जातो तो त्याच्यासोबत जाणाऱ्या कागदांमुळे. कोणत्या ड्रॉइंगप्रमाणे बनवला, कोणत्या हीटच्या, म्हणजे भट्टीतून एकदम ओतलेल्या कोणत्या घाणीच्या, पोलादातून बनवला, कोणत्या गेजने मोजला आणि तो गेज शेवटचा कधी तपासला होता, या चारही प्रश्नांची उत्तरे कागदालाच द्यावी लागतात. हे कागद कपाटांतून काढून ब्राउझरवर चालणाऱ्या डेटाबेसमध्ये नेण्याचे काम आम्ही एका सेवा-पुरवठादाराकडे दिले होते. ते मध्ये दोनदा थांबून अकरा महिन्यांनी पूर्ण झाले, आणि त्या सेवेचे हे परीक्षण आहे. पुरवठादाराचे नाव मी देत नाही, कारण एकमेकांची नावे जाहीर न करण्याचे कलम आमच्या करारात आहे. आमच्या कोणत्याही भागाचे वर्णन, खरा क्रमांक किंवा खरे मापही इथे नाही; उदाहरणांतले आकडे बदललेले आहेत. तरीही अशी सेवा घेऊ पाहणाऱ्या जळगाव, भुसावळ, धुळे पट्ट्यातल्या कारखानदारांना काय विचारावे, कुठे अडून बसावे आणि कुठे निर्धास्त राहावे, हे नावाशिवायही नीट सांगता येते.

आमच्याकडे काय होते ते आधी सांगतो. पाच लोखंडी कपाटे, त्यांतली दोन ड्रॉइंगची. त्यांत जुनी ट्रेसिंग (पारदर्शक कागदावरची ड्रॉइंगे), त्यांवरून अमोनियाच्या वाफेने काढलेल्या निळसर प्रती म्हणजे अमोनिया प्रिंट आणि अलीकडच्या झेरॉक्स प्रती. उरलेल्या तीन कपाटांत पोलादाची टेस्ट सर्टिफिकेटे, इन्स्पेक्शन नोटा, गेज कॅलिब्रेशनची रजिस्टरे, मापात सवलत देणारी परवानगीपत्रे आणि लाल कापडात बांधलेले पत्रव्यवहाराचे बस्ते. खानदेशचा उन्हाळा या कागदांना सोसत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा ट्रेसिंग कागद घडीवर पापडासारखा तडकतो, आणि माणसांसाठी कूलर लावला की त्याची दमट हवा त्याच कागदावर बसते. अमोनिया प्रिंट उजेडात फिकट होत जातो. खिडकीजवळच्या कपाटातले काही प्रिंट इतके उडाले होते की मापांच्या रेषा बोटाने चाचपडून वाचाव्यात असे वाटे. वाळवीने खालच्या कप्प्यातली दोन रजिस्टरे कडेने खाल्ली होती.

संरक्षण पुरवठ्यातल्या कागदाचा एक विशेष बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही आणि सेवा-पुरवठादारांनाही तो सुरुवातीला कळला नव्हता. आपल्या देशात प्रत्येक भांडारवस्तूचे अधिकृत ड्रॉइंग व विनिर्देश एका ठरलेल्या प्राधिकरणाच्या ताब्यात असतात, त्याला ए.एच.एस.पी., म्हणजे सील्ड पर्टिक्युलर्स (मान्य झालेला अधिकृत तपशील) बाळगणारे प्राधिकरण, असे म्हणतात. पुरवठादार कारखान्याकडे असते ती फक्त त्याने दिलेली प्रत. तेव्हा आमच्या दप्तराचे काम मूळ ड्रॉइंग जपणे हे नसून, अमुक दिवशी आमच्या हातात कोणती प्रत होती, तिच्यावर कितवी दुरुस्ती चढलेली होती आणि त्या प्रतीवरून कोणता लॉट बनला, हे बिनचूक सांगणे हे आहे. कागदाचे छायाचित्र काढून साठवणे हे या कामाचे प्रवेशद्वार झाले, काम नव्हे. या एका गोष्टीवर आम्ही आणि पुरवठादार पहिले दोन महिने वेगवेगळ्या भाषा बोलत होतो.

काम बाहेर देण्याचा निर्णय झाला तो एका चौकशीमुळे. १९९८ सालच्या एका लॉटबद्दल विचारणा आली की त्यातल्या पोलादाचा हीट नंबर कोणता आणि तो भाग दुरुस्तीपूर्वीच्या ड्रॉइंगवर बनला की नंतरच्या. मी आणि माझा सहकारी चार दिवस बस्ते सोडत आणि बांधत होतो. उत्तर सापडले, पण त्या चार दिवसांत मालकांनी तीन वेळा येऊन काही न बोलता कपाटांकडे पाहिले, आणि मला स्वतःला जाणवले की मी निवृत्त झालो तर हे चार दिवस चाळीस होतील.

आता सेवेकडे वळतो. त्यांनी केलेली पहिली गोष्ट मला सर्वांत आवडली, आणि ती स्कॅनिंग नव्हती. त्यांनी आधी अनुक्रमणिका केली. एकाही कागदाला स्कॅनर न लावता पाच आठवडे फक्त कोणत्या कपाटात, कोणत्या कप्प्यात, कोणत्या बस्त्यात किती पाने व कशाची, एवढीच नोंद घेतली. मालकांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटला. मला नाही वाटला. अमेरिकेत सेंट लुईस इथल्या लष्करी सेवानोंदींच्या केंद्राला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि सुमारे १.६ ते १.८ कोटी सैनिकांच्या फायली नष्ट झाल्या; त्या फायलींच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती, आणि त्यांची अनुक्रमणिकाही केलेली नव्हती. म्हणजे काय जळाले हेही नेमके सांगता येईना. त्या नोंदी माणसांच्या होत्या, आमच्या वस्तूंच्या आहेत, पण धडा तोच आहे: प्रत हरवली तर दुसरीकडून मिळवता येते, यादीच नसली तर काय मिळवायचे हेच कळत नाही. पहिल्या पाच आठवड्यांनी आमच्या हाती सुमारे १३,००० पानांची अशी यादी आली, आणि समजा पुढचे काम झालेच नसते तरी तेवढ्या यादीचे पैसे वसूल झाले असते.

स्कॅनिंगला मात्र मी इतके चांगले गुण देऊ शकत नाही, निदान पहिल्या फेरीला तरी नाही. करार पानामागे दर ठरवून झाला होता. तिथेच चूक झाली, आणि ती आमचीही होती, कारण करारावर आमची सही आहे. पानावर पैसे मिळणार असले की स्कॅन करणारा माणूस पाने मोजतो. त्यांनी सगळी ड्रॉइंगे काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केली, कारण त्यात फाइल लहान होते आणि यंत्र भराभर चालते. या पद्धतीत मधली छटा नसते. प्रत्येक बिंदू एक तर काळा ठरतो किंवा पांढरा. फिकट निळ्या अमोनिया प्रिंटची पार्श्वभूमी कुठे काळी पडली, कुठे रेषांसकट पांढरी झाली. ते दिसत होते म्हणून पकडले गेले. जे दिसत नव्हते ते अधिक गंभीर होते.

एक दिवस सायंकाळी मी सहज एका ड्रॉइंगची स्क्रीनवरची प्रत आणि कपाटातला कागद शेजारी शेजारी ठेवला. कागदावर उजव्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईचा तिरका शिक्का होता, ‘सुपरसीडेड’, आणि त्याखाली लाल पेनाने तारीख व आद्याक्षरी सही. दुरुस्तीच्या तक्त्यात शेवटची ओळ लाल होती आणि एका मापावर बारीक लाल रेघ मारून शेजारी नवे माप लिहिलेले होते. स्क्रीनवर यांपैकी काहीही नव्हते. शाई जुनी, पातळ आणि उजळ तांबडी झालेली. स्कॅनरने ती पांढऱ्यात जमा केली होती. म्हणजे जे ड्रॉइंग रद्द झाले होते ते डेटाबेसमध्ये स्वच्छ, चालू आणि ग्राह्य म्हणून उभे होते. मी वरणगावहून रोज येणाऱ्या त्यांच्या ऑपरेटर मुलीला बोलावले. तिने कागदाकडे पाहिले, स्क्रीनकडे पाहिले आणि म्हणाली, “काका, असे अजून किती असतील?” तो प्रश्न तिने विचारला याचे मला फार बरे वाटले, कारण तो तिच्या मालकांनी विचारायला हवा होता. आम्ही दोघांनी त्या आठवड्यात कपाट पुन्हा उघडले. लाल शिक्का असलेली आणि स्कॅनमध्ये तो गमावलेली ४७ ड्रॉइंगे निघाली.

काम पहिल्यांदा थांबले ते इथे. पुरवठादारांचे म्हणणे असे की करारात रंगीत स्कॅनचा उल्लेख नाही. आमचे म्हणणे असे की करारात ‘मूळ कागदाची विश्वासू प्रत’ असे शब्द आहेत आणि लाल शाई हा कागदाचाच भाग आहे. तीन आठवड्यांनी त्यांनी सर्व ड्रॉइंगे रंगीत पुन्हा स्कॅन करण्याचे मान्य केले, अर्धा खर्च त्यांचा व अर्धा आमचा. हा तोडगा मला न्याय्य वाटला. त्यांची अडचण खरी होती हेही नोंदवले पाहिजे. ए-झिरो आकाराचा कागद ८४१ बाय १,१८९ मिलिमीटरचा असतो. ३०० डीपीआयवर, म्हणजे एका इंचात ३०० बिंदू धरले तर, त्याचे सुमारे १४ कोटी बिंदू होतात. काळ्या-पांढऱ्यात, दाबून लहान न करता, ती फाइल १७ एमबीच्या आसपास जाते. पूर्ण रंगात तीच ४१८ एमबी होते. पूर्वी साठवण महाग होती तेव्हा काळे-पांढरे निवडण्याला पर्याय नव्हता. अमेरिकन सैन्यदलांनी आपली अभियांत्रिकी ड्रॉइंगे आधी अ‍ॅपर्चर कार्डांवर, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मची खिडकी बसवलेल्या पंच कार्डांवर, ठेवली आणि पुढे ती स्कॅन करून जेडमिक्स नावाच्या संगणकीय भांडारात नेली, तीही काळ्या-पांढऱ्या चित्रांच्या रूपात. त्या काळी ते योग्य होते. आज एका हार्ड डिस्कच्या किमतीत आमची सर्व ड्रॉइंगे रंगीत मावतात, तेव्हा जुन्या काळची काटकसर पुढे चालवण्याला कारण उरत नाही.

स्कॅनिंगमधला आणखी एक दोष लहान दिसतो, पण जाणकाराच्या जिवाला लागतो. त्यांचे सॉफ्टवेअर कागदाच्या कडा आपोआप छाटत असे. जुन्या ड्रॉइंगमध्ये प्रक्षेपणाची खूण, म्हणजे ते फर्स्ट अँगलमध्ये काढले आहे की थर्ड अँगलमध्ये, पुष्कळदा अगदी कडेला असते. ब्रिटिश वळणाची ड्रॉइंगे फर्स्ट अँगलची आणि अमेरिकन वळणाची थर्ड अँगलची. खूण छाटली गेली तर उजवीकडचे दृश्य डावीकडचे समजून भाग उलटा बनू शकतो. हे सांगितल्यावर त्यांनी छाटणी त्याच दिवशी बंद केली.

आकडे टंकित करण्याच्या टप्प्यावर आमच्या भाषेनेच आम्हाला गाठले. आमची १९९५ पूर्वीची रजिस्टरे बहुतेक मराठीत आहेत आणि आकडे देवनागरी. हाताने घाईत लिहिलेला देवनागरी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि देवनागरी चार हा इंग्रजी आठसारखा. टंकलेखक मुले इंग्रजी आकड्यांच्या सवयीची, त्यामुळे चौदा नंबरचा लॉट अठ्ठ्याण्णव झाला आणि एकशे एक्केचाळीस नंबरची हीट नऊशे एकोणनव्वद झाली. यावर त्यांनी काढलेला उपाय मला मनापासून आवडला. प्रत्येक क्रमांक दोन वेगळ्या माणसांनी एकमेकांचे न पाहता टंकित करायचा, दोन्ही जुळले तरच तो डेटाबेसमध्ये जाणार, न जुळले तर तो माझ्या यादीत येणार आणि मी मूळ पान पाहून निवाडा देणार. शिवाय लॉटचे क्रमांक वर्षागणिक चढते असतात ही गोष्ट त्यांनी संगणकाला शिकवली, म्हणजे दोघांनीही एकच चूक केली तरी तेरानंतर अठ्ठ्याण्णव आले की ओळ पिवळी होते. हा टप्पा संथ झाला, दिवसाला माझ्याकडे पन्नाससाठ ओळी येत, पण आज त्या रजिस्टरांवर माझा जितका विश्वास आहे तितका मूळ कागदावरही नव्हता.

यंत्राने अक्षरे ओळखण्याबद्दल सेवा विकताना जे सांगितले गेले त्यावर मात्र कुणी विसंबू नये. छापील इंग्रजी टेस्ट सर्टिफिकेटे यंत्राने चांगली वाचली. छापील मराठी बऱ्यापैकी वाचली. हस्ताक्षर मराठी असो वा इंग्रजी, ते यंत्राने वाचलेच नाही असे म्हणावे लागेल. आणि मराठी शोधातही एक छुपी अडचण होती. संगणकात ‘दुसऱ्या’ या शब्दातला आडव्या वळणदार रेघेसारखा दिसणारा अर्धा र दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकित करता येतो. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. त्यामुळे शोधपेटीत मी टंकित केलेला शब्द समोर पानावर दिसत असूनही ‘काही सापडले नाही’ असा निरोप येई. युनिकोडच्या आधीच्या श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फाँटमध्ये टंकित केलेली पत्रे तर शोधाला निव्वळ इंग्रजी अक्षरांची खिचडी वाटत होती. दोन्ही गोष्टी त्यांनी दुरुस्त केल्या, पण मी दाखवल्यानंतर. मराठी नोंदी असलेल्या प्रत्येक कारखान्याने हे दोन प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारावेत.

डेटाबेसची रचना हा या सेवेचा सर्वांत भक्कम भाग आहे, आणि इथे त्यांच्या मुख्य अभियंत्याचे मी मोकळेपणाने कौतुक करतो. मी त्यांना आमचे दप्तर समजावून सांगताना ते ऐकत असत, आणि दुसऱ्या दिवशी कागदावर चौकोन व रेषा काढून घेऊन येत. त्यांनी ड्रॉइंग ही एक वस्तू मानली नाही. ड्रॉइंग वेगळे, त्याची प्रत्येक दुरुस्त आवृत्ती वेगळी, ती आवृत्ती आमच्या हाती आल्याची तारीख वेगळी आणि ती रद्द झाल्याची तारीख वेगळी. लॉटची नोंद ड्रॉइंगला जोडलेली नसून त्या त्या आवृत्तीला जोडलेली आहे. त्यामुळे ‘हे ड्रॉइंग दाखव’ असे न विचारता ‘३ मार्च १९९८ रोजी चालू असलेले ड्रॉइंग दाखव’ असे विचारता येते. ज्या चौकशीने आम्हाला चार दिवस घालवायला लावले होते तीच मी कामाच्या शेवटी डेटाबेसला विचारली, आणि चहा निवायच्या आत तीन कागद समोर आले: आवृत्ती, हीटचे सर्टिफिकेट आणि इन्स्पेक्शन नोट.

नावांच्या बाबतीतही हीच तारखांची शिस्त कामी आली. भुसावळचा आयुध निर्माणी कारखाना १९४९ पासूनचा आणि वरणगावचा १९६० च्या दशकातला, आणि आमच्यासारख्यांच्या कागदांवर वर्षानुवर्षे ती नावे आयुध निर्माणी मंडळाखाली छापलेली आहेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून ते मंडळ विसर्जित होऊन देशातले ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. भुसावळ यंत्र इंडिया लिमिटेडमध्ये गेला आणि वरणगाव म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये. दुसऱ्या एका पुरवठादाराने दाखवलेल्या नमुन्यात ग्राहकाचे नाव बदलले की ते जुन्या सर्व नोंदींतही बदलत असे. ते दिसायला नीटनेटके आणि नोंद म्हणून खोटे आहे, कारण १९९८ ची इन्स्पेक्शन नोट त्या वर्षी अस्तित्वात नसलेल्या कंपनीच्या नावावर दाखवता येत नाही. आम्ही निवडलेल्या सेवेत कारखाना एकच राहतो आणि त्याचे प्रशासकीय नाव तारखेप्रमाणे दिसते.

मापांच्या एककांबद्दल त्यांचे आणि माझे थोडे वाजले. काही जुनी ड्रॉइंगे इंचांत आहेत आणि त्यांना सर्व मापे मिलिमीटरमध्ये बदलून एकसारखी करायची होती. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर हे गणित चुकत नाही, पण मापात चालणारी कमी-जास्त सूट इंचांतून मिलिमीटरमध्ये नेताना शेवटचा अंक वर घ्यायचा की खाली, यावर भाग पास की नापास हे ठरू शकते, आणि तो अधिकार आमचा नाही व त्यांचाही नाही. शेवटी मूळ एकक जसेच्या तसे ठेवले गेले आणि बदललेले माप शेजारी फिकट अक्षरांत, केवळ शोधण्यासाठी, दिले गेले.

‘वेब-आधारित’ हा शब्द ऐकून आमचे मालक घाबरले होते, आणि ती भीती रास्त होती. वेब-आधारित म्हणजे ब्राउझरमधून वापरता येणारे. ते इंटरनेटवर असलेच पाहिजे असे नाही. आमचा सर्व्हर कारखान्यातच एका कुलूपबंद खोलीत आहे, त्याला बाहेरची जोडणी नाही, आणि तो फक्त आवारातल्या सहा संगणकांवरून उघडतो. शॉप फ्लोअरवरच्या संगणकावरून ड्रॉइंग पाहता येते, उतरवून घेता येत नाही. छापले तर प्रत्येक पानावर छापणाऱ्याचे नाव, तारीख व वेळ उमटते आणि ‘या दिवसानंतर ग्राह्य नाही’ अशी ओळ येते. ज्या कारखान्यांत ड्रॉइंगचा मोबाइलने फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्याची सवय लागली आहे त्यांनी आधी ती सवय मोडावी. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा अजून लागू आहे. पुरवठादारांनी सुरुवातीला दुरुस्तीसाठी बाहेरून जोडणी मागितली होती. आम्ही नकार दिला, त्यांनी फार ओढून धरले नाही, आणि आता त्यांचा माणूस महिन्यातून एकदा प्रत्यक्ष येतो.

प्रत्येक फाइल साठवताना तिचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेला अंक-अक्षरांचा संकेत, काढून वेगळ्या तक्त्यात ठेवला जातो. फाइलमधला एक बिंदू जरी बदलला तरी हा ठसा बदलतो, म्हणजे पाच वर्षांनी ती प्रत तीच आहे हे दाखवता येते. ही केवळ तांत्रिक हौस नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून देताना जे प्रमाणपत्र जोडावे लागते त्याच्या नमुन्यात हा ठसा लिहिण्याची जागा आहे. तसेच नोंद एकदा पक्की झाली की ती पुसता येत नाही. दुरुस्ती केली तर जुनी ओळ खाली दिसत राहते, कुणी व केव्हा बदलली यासह. लाल शाईने रेघ मारून शेजारी नवे माप लिहिण्याची जुनी रीत हीच होती, आणि ती संगणकात टिकली याचा मला आनंद आहे. मूळ कागद आम्ही फेकलेले नाहीत व फेकणारही नाही.

बॅकअपबद्दल एक प्रसंग सांगितला पाहिजे. रोज रात्री बॅकअप होतो असा अहवाल येत होता आणि सगळे समाधानी होते. काम ताब्यात घेण्यापूर्वी मी आग्रह धरला की एका कोऱ्या संगणकावर तो बॅकअप उभा करून दाखवा. एका रविवारी ते केले. तक्ते सगळे आले, शोध चालला, नोंदी दिसल्या, आणि ड्रॉइंग उघडायला गेलो तर रिकामी चौकट. डेटाबेसचा बॅकअप होत होता, चित्रांच्या फायलींचा होतच नव्हता, कारण त्या वेगळ्या डिस्कवर होत्या आणि ती डिस्क यादीत घालायची राहून गेली होती. काम दुसऱ्यांदा थांबले ते या कारणाने, दहा दिवस. आता दोन प्रती कारखान्यात आणि एक मालकांच्या घरच्या तिजोरीत असते, आणि दर तीन महिन्यांनी कोऱ्या यंत्रावर ती उभी करून पाहण्याचे कलम देखभालीच्या करारात घातले आहे.

सेवा सोडायची झाली तर काय, हा प्रश्न आम्ही पहिल्या दिवशी विचारला होता आणि उत्तर समाधानकारक मिळाले. खाली पोस्टग्रेस हा मुक्त डेटाबेस आहे, चित्रे टीआयएफएफ व पीडीएफ-ए या खुल्या स्वरूपांत आहेत, आणि सर्व तक्ते साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढण्याचे बटण माझ्याच हाती दिले आहे. मी ते दोनदा दाबून पाहिले आहे. या बाबतीत त्यांना पैकीच्या पैकी गुण.

खर्चाबद्दल एवढेच सांगेन की एकूण रक्कम आमच्या एका मध्यम प्रेसच्या किमतीच्या जवळपास गेली आणि त्यातला तिसरा हिस्सा स्कॅनिंग पुन्हा करण्यात व आकडे दोनदा टंकित करण्यात गेला. पुन्हा करार करायचा झाला तर मी पानामागे दर मान्य करणार नाही. तपासून पक्क्या झालेल्या नोंदीमागे दर ठरवीन, आणि कामाच्या आधी पन्नास सर्वांत वाईट अवस्थेतले कागद त्यांच्यापुढे ठेवून त्यांची स्क्रीनवरची प्रत पाहीन. विक्रीच्या वेळी सगळे कोरे करकरीत कागद स्कॅन करून दाखवतात.

एक काम अजून चालू आहे. आमच्याकडे तपासनीस म्हणून २८ वर्षे काढलेले एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांच्या १४ वह्या आमच्याकडे आहेत, पेन्सिलीने लिहिलेल्या. त्यांत ड्रॉइंगवर नसलेले सगळे आहे: कोणत्या भागाला कोणत्या बाजूने गेज लावावा, कोणत्या वर्षीच्या पत्र्याला वाकवताना चीर पडत असे, कोणती परवानगी का मागावी लागली. या वह्यांसाठी पुरवठादारांच्या रचनेत जागाच नव्हती, कारण ती ना ड्रॉइंग, ना सर्टिफिकेट. आता त्यांनी आवृत्तीला आणि लॉटला जोडता येईल असा ‘शेरा’ नावाचा तक्ता वाढवून दिला आहे, त्यासाठी वेगळे पैसे घेतलेले नाहीत. दर शनिवारी अण्णा येतात, वही उघडतात आणि ओळ ओळ वाचून दाखवतात. वरणगावची ती मुलगी टंकित करते आणि न कळलेल्या शब्दाला थांबून अर्थ विचारते. अण्णा बोलतात तसेच लिहितात. धातू कापल्यावर कडेला राहणाऱ्या खरखरीत काठाला फॉर्मवर ‘बर’ म्हणतात, त्याला त्यांच्या वहीत ‘धार’ आहे, आणि ‘बर’ शोधले तर त्यांचा शेरा सापडत नाही. म्हणून ती मुलगी शेजारी एक वेगळी यादी करत चालली आहे, डावीकडे अण्णांचा शब्द आणि उजवीकडे फॉर्मवरचा. गेल्या शनिवारी ती यादी ६३ शब्दांवर गेली होती आणि सातवी वही अर्धी झाली होती.